जुन्या जिन्याला हँडरेल आणि दारात रॅम्प: उंची, पाइप आणि चिऱ्याच्या भिंतीतली पकड

सोसायटी_सचिव (रत्नागिरी)

नमस्कार. आमची इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची. लिफ्ट नाही, बसवायला जागाही नाही. सांगाडा आरसीसीचा (सळ्या घातलेल्या काँक्रीटचा), भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), आतून गिलावा. बरेच सभासद सत्तरीच्या पुढचे आहेत. दोघांचे गुडघे बदललेले, एका काकांना पक्षाघातानंतर डावा हात चालत नाही, आणि तळमजल्यावरची एक मुलगी व्हीलचेअर वापरते. सर्वसाधारण सभेत हँडरेल आणि रॅम्प दोन्हीला मंजुरी मिळाली आहे. आता काम चुकायला नको.

मापं अशी: पायरीची उंची १६५ मि.मी., पाऊल २७०. एका टप्प्यात ९ उंच्या, दोन टप्प्यांना एक मजला. जिन्याची रुंदी ११००, दोन टप्प्यांमधली पोकळी साधारण २५०. मधला कट्टा ११०० खोल. सध्याचा लोखंडी कठडा पायरीच्या नाकापासून (पुढच्या कडेपासून) ७५० उंच, वर ५० × ६ ची पट्टी, उभ्या सळ्यांमध्ये २०० चं अंतर. भिंतीकडे काहीच नाही. जोतं ६०० उंच, दारासमोर ७ मीटर लांब आणि ३.२ मीटर रुंद मोकळी जागा.

फॅब्रिकेटर म्हणतो, जुना कठडा काढून दीड इंची, १८ गेजचा (१.२ मि.मी. जाड) एसएस (स्टेनलेस स्टील) पाइप लावू, १२०० वर एक खांब. उंचीबद्दल कोणी ९०० सांगतं, कोणी १०००. भिंतीकडे खरंच गरज आहे का? आणि चिऱ्यात फास्टनर धरेल का?

आराखडा_जिना

सचिवताई, आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. कठडा माणसाला पोकळीत पडू देत नाही. धरायचा दांडा तोल गेलेल्या माणसाला सावरतो. तुमच्याकडे कठडा आहे, तोही बुटका, आणि धरायचा दांडा मुळीच नाही. ५० ची चपटी पट्टी तळव्याखाली येते, पण बोटं तिला वेढू शकत नाहीत. घसरताना हात तिच्यावरून सरकतो आणि माणूस खाली जातो. दांडा गोल हवा, बाहेरचा व्यास ३८ ते ४५, आणि बोटं मागून पूर्ण फिरतील इतकी मोकळीक.

उंचीचा वाद कुठून मोजता यावरून होतो. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्ये १००० आहे, पण ते पावलाच्या मध्यापासून. ९०० म्हणणारे नाकांना जोडणाऱ्या तिरक्या रेषेपासून मोजतात. पावलाच्या मध्यावर ही रेषा पावलापेक्षा अर्धी उंची वर असते, म्हणजे तुमच्याकडे ८२ मि.मी. तेव्हा पावलाच्या मध्यापासूनचे १००० म्हणजे नाकाच्या रेषेपासून ९१८. टप्प्याच्या खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही नाकांवरून ९१८ ची खूण करा, दोरी ताणा आणि पाइपचा माथा त्या दोरीला लावा. दोन्ही बाजूंचं समाधान होतं. फक्त सर्वांत वरच्या मजल्यावर, जिथे सपाट कट्ट्याची कड पोकळीकडे उघडी आहे, तिथे कठडा ११०० घ्या. तिथे पायरीचा आधार नसतो, आणि खाली तीन मजले असतात.

सळ्यांमधलं अंतर २०० फार आहे, लहान मुलाचं डोकं जातं. १०० पेक्षा जास्त ठेवू नका. आडव्या पट्ट्या घालू नका. दिसायला छान, पण मुलांसाठी ती शिडीच.

भिंतीकडचा दांडा नक्की लावा. भिंतीपासून मोकळी जागा ५० आणि पाइप ४२, म्हणजे जिन्याचे ९२ कमी होतात. ११०० मधून मधल्या बाजूचा दांडाही वजा केला तरी एका माणसाला हात धरून दुसरा सोबत चालू शकतो. स्ट्रेचर किंवा खुर्ची नेताना ती दांड्याच्या वर उचलली जाते, त्यामुळे तिथे अडचण येत नाही.

फिजिओ_सांगली

भिंतीकडे गरज आहे का, याचं उत्तर त्या काकांच्या हातात आहे. डावा हात चालत नाही म्हणजे चढताना दांडा उजवीकडे हवा. उतरताना ते वळून उभे राहतात आणि तोच उजवा हात जिन्याच्या दुसऱ्या कडेला येतो. एकच दांडा असेल तर चढणं जमेल, पण उतरताना हातात काहीच राहणार नाही. आणि धोक्याचं काम उतरण्याचं असतं.

दुसरी गोष्ट, टोकं. पायऱ्या संपल्या की दांडा तिथेच संपवतात, ही सगळीकडे दिसणारी चूक. उतरताना हात शरीराच्या पुढे असतो. शेवटच्या पायरीवर पाय असताना हाताला अजून पुढे आधार हवा. म्हणून खाली आणि वर दोन्हीकडे ३०० मि.मी. आडवा भाग वाढवा. ज्याला कमी दिसतं त्याच्यासाठी दांडा सपाट झाला म्हणजे पायऱ्या संपल्या, ही खूण हातालाच कळते. पायरी संपली समजून अर्धवट टाकलेलं पाऊल हे पडण्याचं मोठं कारण आहे.

टोक उघडं सोडू नका. भिंतीकडे किंवा जमिनीकडे वळवून बंद करा, नाहीतर पदर, ओढणी, पिशवीचा बंद त्यात अडकतो.

मधल्या कट्ट्यावर दांडा तोडू नका. तिथे वळताना माणूस भिंतीलाच टेकतो. आणि ब्रॅकेट खालून यायला हवं. बाजूनं आलं तर प्रत्येक ब्रॅकेटपाशी हात उचलून पुढे ठेवावा लागतो, आणि ज्याचा एकच हात चालतो त्याला तेवढा क्षणही तोल राहत नाही. रंग भिंतीपेक्षा वेगळा दिसणारा निवडा. मोतीबिंदू असलेल्यांना फिकट भिंतीवर चकाकता पाइप अंधुक उजेडात ओळखू येत नाही. पायऱ्यांच्या नाकावरही ५० मि.मी.ची वेगळ्या रंगाची, खरखरीत पट्टी द्या.

आरसीसी_मिरज

फॅब्रिकेटरनं सुचवलेला खांब गणितात बसत नाही. आयएस ८७५ (भाग २) या भारांच्या भारतीय मानकात सोसायटीच्या सामाईक जिन्याच्या कठड्यासाठी आडवा भार मीटरला ०.७५ किलोन्यूटन धरतात. खांबांमधलं अंतर १.२ मीटर आणि उंची १ मीटर, तर खांबाच्या बुडाशी ०.९ किलोन्यूटन-मीटरचा वाकवणारा जोर येतो. ३८ मि.मी. बाहेरचा, १.२ मि.मी. जाडीचा पाइप हा जोर घेताना ७२० मेगापास्कलच्या पुढे जातो, आणि ३०४ प्रतीच्या एसएसची यील्ड (ज्यापुढे धातू कायमचा वाकतो तो ताण) किमान २०५ आहे. चार माणसं एकदम टेकली की खांब वाकेल.

जी.आय.चा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) दीड इंची, बी क्लास (मीडियम) पाइप खांबाला घ्या: बाहेरचा व्यास ४८.३, जाडी ३.२. दर तिसऱ्या पायरीला एक खांब, म्हणजे तिरक्या रेषेत ९५० च्या आसपास. मग ताण १५० च्या आत राहतो, आणि हा पाइप ते पेलतो.

पण खांब पेलला तरी तळाची प्लेट धरली पाहिजे. १०० × १०० प्लेट, ८ मि.मी. जाड, बोल्ट चार. लोक जेव्हा बाहेर ढकलतात तेव्हा आतल्या दोन बोल्टांना उपसणारा जोर मिळून ९.५ किलोन्यूटन येतो, म्हणजे एका बोल्टाला जवळपास ४८० किलो. प्लास्टिकचा गट्टू आणि स्क्रू इथे चालणार नाही. एम१० चा (१० मि.मी. जाड) रॉड आणि केमिकल अँकर (रॉडला भोकात चिकटवणारं रसायन), भोक १२ चं, खोली ९०, आणि ही खोली लादीखालच्या काँक्रीटमध्ये मोजायची. लादी आणि मसाला यांचा हिशोब नाही. ठोकून फुगणारा फास्टनर पायरीच्या कडेजवळ वापरू नका, तो फुगताना कड फोडतो. पोकळीकडच्या कडेपासून बोल्ट किमान ७५ आत ठेवा. पोकळी २५० ची असल्यानं बाजूनं ड्रिल घुसणार नाही, त्यामुळे वरूनच फिक्सिंग करावं लागेल.

इथे एक सापळा आहे. जुन्या जिन्यांत तिरका स्लॅब आरसीसीचा असतो, पण पायऱ्यांचे त्रिकोण वीट किंवा चिऱ्याच्या तुकड्यांनी भरलेले असतात. प्रत्येक खांबाच्या जागी ६ मि.मी.चं चाचणी भोक पाडा. करडी भुकटी आली तर काँक्रीट, लाल आली तर वीट किंवा चिरा. लाल आली तर त्या पायरीचा कडेचा २०० × २०० भाग फोडा, स्लॅबमध्ये केमिकलनं सळ्या बसवा, एम२५ काँक्रीट भरा, सात दिवस पाणी मारा आणि मगच प्लेट लावा. भोक पाडताना जुनी सळी लागली तर ती कापू नका, प्लेट सरकवा.

केमिकल अँकर निसटतो त्याचं मुख्य कारण भोकातली भुकटी. हवेनं फुंका, तारेच्या ब्रशनं घासा, पुन्हा फुंका, असं दोनदा. केमिकल भोकाच्या तळापासून भरत वर या. नोझलमधून सुरुवातीला येणारा भाग नीट मिसळलेला नसतो, तो बाहेर टाका. रॉड फिरवत आत ढकला, आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ होईपर्यंत हात लावू नका. फॅब्रिकेटरचा पोरगा रॉड हलतो का ते बघायला पाच मिनिटांनी येतो, तिथेच पकड जाते.

लोहारकाम_चिपळूण

मिरजकरांचं गणित बरोबर आहे. बाजारातली एक गोष्ट त्यात घाला. एसएस पाइप बाहेरच्या मापानं विकतात: दीड इंची म्हणजे बाहेरून ३८. पाण्याचा जी.आय. पाइप आतल्या मापाच्या नावानं विकतात: दीड इंची म्हणजे बाहेरून ४८. म्हणून कोटेशनमध्ये इंच लिहूच नका, बाहेरचा व्यास आणि जाडी मि.मी.मध्ये लिहा. धरायच्या दांड्याला सव्वा इंची जी.आय. बी क्लास बसतो, बाहेरून ४२.४, जाडी ३.२. हाताला अगदी बेताचा.

आता धातू. रत्नागिरीत खारं वारं आहे. एसएस म्हणून २०२ प्रतीचा माल दिला तर जोडांवर लवकर तपकिरी डाग येतात. चुंबकानं २०२ आणि ३०४ ओळखता येत नाहीत, दोन्ही चिकटत नाहीत. त्यासाठी थेंब टाकून मँगनीज तपासायची बाटली मिळते. २०२ वर रंग लाल होतो. पाइप वेल्ड होण्याआधी, तुमच्या समोर, प्रत्येक लांबीवर थेंब टाकून घ्या. समुद्राजवळ खरा टिकणारा ३१६, पण तो महाग. तुमच्या कामाला मी जी.आय. सुचवेन.

जी.आय. वेल्ड करताना जोडाजवळचा जस्त आधी ग्राइंडरनं काढायचा, नाहीतर वेल्डमध्ये छिद्रं राहतात आणि जस्ताच्या धुरानं वेल्डरला ताप भरतो. काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. वेल्ड पूर्ण गोल मारायचा. चार टाके मारून वर पुट्टी भरली तर रंगाखाली काही दिसत नाही, म्हणून रंगाआधी सगळे जोड बघा. मग जस्ताचा प्रायमर दोन हात, वर रंग दोन हात. सगळं वेल्ड करून मग गरम जस्तात बुडवून आणलं तर त्याहून उत्तम, पण बंद पाइपला आधी भोकं पाडायला सांगा. कोंडलेली हवा आणि पाणी जस्ताच्या कढईत फुटतं, माणसं भाजतात.

भिंतीकडच्या दांड्याचा माल सांगतो. एका टप्प्याची तिरकी लांबी २.६२ मीटर, सहा टप्प्यांची १५.७. मधले तीन कट्टे, कट्ट्याच्या तीन भिंती मिळून प्रत्येकी साधारण साडेचार मीटर, म्हणजे १३.५. मजल्यांवरच्या कट्ट्यावर फ्लॅटची दारं येतात, तिथे टोकं ३०० ची, सहा ठिकाणी मिळून १.८. एकूण ३१ मीटर. कापाकापीचे दहा टक्के धरले तर ३४. पाइपची लांबी ६ मीटर, म्हणजे सहा पाइप. ब्रॅकेट ९०० वर एक, शेवटचं टोकापासून १५० वर. एकूण ४२ ते ४५. ब्रॅकेट १२ मि.मी. सळीचं, खालून वर वळवलेलं, प्लेट ६ मि.मी. जाड.

सोसायटी_सचिव (रत्नागिरी)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज भोकं पाडून पाहिली. पहिल्या दोन टप्प्यांत करडी भुकटी आली, वरच्या सगळ्यांत लाल. म्हणजे फोडकाम येणार. आता भिंतीचं सांगा. चिऱ्याची भिंत ९ इंची आहे आणि पलीकडे फ्लॅटचं स्वयंपाकघर आहे, त्यामुळे आरपार बोल्ट नको असं सभासद म्हणतात.

आरसीसी_मिरज

आरपार बोल्ट सर्वांत भरवशाचा, पण अडचण समजते. चिऱ्यात पोकळ्या असतात आणि एकाच दगडात एक भाग टणक तर दुसरा मऊ. फुगणारा धातूचा फास्टनर तिथे दगड भरडतो आणि सैल होतो. उपाय असा: ड्रिलचा ठोका बंद करून नुसतं फिरवत भोक पाडा, जाळीची नळी घाला, त्यात केमिकल भरा. जाळीतून ते चिऱ्याच्या पोकळ्यांत शिरून गाठ धरतं. भोक चिऱ्याच्या मधोमध घ्या, सांध्यात नाही. सांधा गिलाव्याखाली दिसत नाही, म्हणून ब्रॅकेटच्या जागी हाताएवढा गिलावा काढून बघा आणि चिरा पाहून ब्रॅकेट ५०-१०० मि.मी. सरकवा. गिलावा १५ ते २० जाड असतो, त्याच्यात पकड धरू नका. दगडात किमान ८० जायला हवं.

एका ब्रॅकेटवर भिंतीतून बाहेर ओढणारा भार साधारण ०.७ किलोन्यूटन. शिवाय ९० किलोचा माणूस दांड्यावर लोंबकळला तर वरच्या फिक्सिंगवर आणखी १ किलोन्यूटनच्या आसपास येतं. म्हणून प्लेट उभी ठेवा, १५० उंच, वरती दोन फिक्सिंग आणि खाली एक. जिथे आरसीसीचा कॉलम किंवा बीम येतो तिथे ब्रॅकेट मुद्दाम घ्या, विशेषतः टोकांजवळ आणि वळणांवर. लोक तिथेच सर्वांत जास्त ओढतात.

ऑर्डर देण्याआधी तीन वेगळ्या ठिकाणी एकेक ब्रॅकेट बसवून ओढून पाहा. १०० किलोचा लटकता काटा मिळतो, तो दांड्याला दोरीनं बांधून भिंतीपासून सरळ बाहेर ७० किलोपर्यंत ओढा, एक मिनिट धरा. सोडल्यावर प्लेट आणि गिलाव्यात फट राहिली तर ते फिक्सिंग नापास. तीनपैकी एकही गेलं तर भिंतीवरचा नाद सोडा आणि भिंतीलगत पायऱ्यांवरच खांब उभे करा, मघाशी सांगितलेल्या प्लेटवर. जागा ४० मि.मी. जास्त जाईल. काम संपल्यावर हीच चाचणी प्रत्येक खांबाला आणि प्रत्येक ब्रॅकेटला करा आणि आकडे लिहून ठेवा.

आराखडा_जिना

रॅम्पचं राहिलं. १:१२ च्या चढानं ६०० उंचीला ७.२ मीटर लांबी लागते, आणि तुमच्याकडे ७ आहे. २० से.मी.च कमी आहे म्हणून चढ वाढवून सरळ रॅम्प काढायचा मोह होईल, पण तसं करू नका. वर दारापुढे आणि खाली सुरुवातीला १.५ मीटर सपाट जागाही हवी. ती धरली तर सरळ रॅम्पला जेमतेम ४ मीटर उरतात, आणि चढ १:६.७ होतो. त्या मुलीला तो स्वतः चढता येणार नाही, आणि पावसात उतरताना खुर्ची हातातून सुटेल.

तेव्हा वळवून घ्या. दारापुढे १.५ मीटरचा कट्टा, तिथून ३.६ मीटर उतार, १.५ मीटरचा मधला कट्टा, मग उलट फिरून पुन्हा ३.६. लांबीला ६.६ मीटर लागतात, म्हणजे ७ मध्ये बसतं. रुंदीला दोन फाटे. दोन्ही बाजूंच्या दांड्यांमध्ये मोकळे १२०० हवेत, म्हणून प्रत्येक फाटा १.५ चा धरा. ३.२ मध्ये तेही बसतं.

रॅम्पला दांडे दोन्ही बाजूंना, दोन पातळ्यांवर: वरचा ९००, खालचा ७००. खालचा बसलेल्या माणसाला आणि लहान मुलांना. कट्ट्यावर वळताना आतला दांडा अखंड राहू द्या, व्हीलचेअरवरचा माणूस त्यालाच ओढून खुर्ची फिरवतो. उघड्या कडेला १०० मि.मी. उंच काँक्रीटची कड करा, नाहीतर पुढचं छोटं चाक दांड्याखालून बाहेर जातं.

पृष्ठभागाला घोटीव सिमेंट किंवा गुळगुळीत लादी नको. ओल्या काँक्रीटवर खराटा आडवा ओढून रेघा पाडा. कोकणातल्या पावसात चार महिन्यांत शेवाळ धरणारच, त्यामुळे वर पत्र्याचं छप्पर घ्या आणि ते उतार संपल्यावरही मीटरभर पुढे न्या, म्हणजे पागोळ्या उताराच्या पायथ्याशी पडणार नाहीत.

लोहारकाम_चिपळूण

रॅम्प नवा आहे तर खांबांच्या प्लेटा काँक्रीट ओतण्याआधीच सळ्यांना बांधून घ्या, नंतरचं ड्रिलिंग वाचेल. पाइप थेट काँक्रीटमध्ये गाडू नका. जिथे पाइप काँक्रीटमधून वर येतो त्या गळ्यात पाणी साचतं आणि आपल्याकडे तिथेच तो कुजतो, बाकी खांब धडधाकट असताना. प्लेटखाली २५ मि.मी.चा उंचवटा द्या आणि त्याला चारी बाजूंना उतार.

आणि प्रत्येक दांड्याच्या खालच्या टोकाला, तळाच्या बाजूनं, ५ मि.मी.चं भोक. वेल्डच्या बारीक छिद्रातून आत गेलेलं पाणी तिथून निघून जातं. ते नसेल तर पाइप आतून गंजतो आणि बाहेरचा रंग तसाच राहतो.

सोसायटी_सचिव (रत्नागिरी)

कोटेशन नव्यानं मागवते: दांडा ४२.४ × ३.२, खांब ४८.३ × ३.२, मापं नाकाच्या रेषेपासून ९१८, चाचणीचा काटा आमचा. वरच्या टप्प्यांचं फोडकाम चालू असताना लोकांनी ये-जा कशी करायची?

आराखडा_जिना

एका वेळी एकच टप्पा, आणि त्यातही एक सोडून एक खांबाची जागा. फोडायचा भाग पोकळीच्या कडेचा २०० च आहे, त्यामुळे ११०० पैकी ९०० मोकळे राहतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी भिंतीकडचा दांडा पूर्ण बसवून त्याची चाचणी करा, मग मधल्या बाजूचं फोडकाम सुरू करा. जुना कठडा नवे खांब बसून पकड धरेपर्यंत काढू नका. ज्या खांबाखाली फोडायचं असेल तेवढ्याच जागी तो तात्पुरता शेजारच्या सळीला पट्टीनं बांधून घ्या. फोडलेल्या जागेवर रात्री प्लायवुड ठोकून ठेवा आणि जिन्यातला दिवा रात्रभर चालू राहू द्या.